इब्रीच्या वाटेवरचा किल्ला

ओमानमधल्या किल्ल्यांना पार्किंग असतं, स्वच्छ संडास असतात आणि दाराशी थंड पाण्याचं मशीन असतं. आमच्या ग्रुपमधल्या पुरुषांना नेमकं हेच खुपायचं. "घाम न गाळता वर पोचलो. याला काय किल्ला म्हणायचं?" असं दर वेळी कोणीतरी म्हणायचंच, आणि म्हणणाऱ्याच्या गुडघ्याला बहुधा पट्टा बांधलेला असायचा. मला पार्किंगचं काही वावडं नव्हतं. पंचवीस माणसं, त्यातली दहा पन्नाशीच्या पुढची, चौघांना मधुमेह आणि डिसेंबरातही अकरानंतर चटके देणारं ऊन. अशा लोकांना चढ नसलेला किल्ला मिळाला तर आभार मानावेत.

आम्ही मस्कतमधली सात-आठ मराठी कुटुंबं. बहुतेक पुण्या-मुंबईची, सगळी नोकरदार. हिवाळ्यात महिन्यातून एकदा मिनीबस करून किल्ला बघायला जायचं असं काही वर्षांपूर्वी ठरलं. शुक्रवारी किल्ले लवकर बंद होतात म्हणून शनिवार. ठरवलं पुरुषांनी, चालवलं मी. बस कोणाची, नाश्ता कोणाकडे, गाडी कोणाला लागते, पुढची सीट कोणाला, हे सगळं माझ्याकडे. व्हॉट्सअॅप ग्रुपची अॅडमिनही मीच.

माझा नवरा माहिती द्यायचा. इंटरनेटवरून चार पानं छापून काढायचा आणि किल्ल्याच्या दरवाज्यासमोर उभा राहून वाचायचा. निझवा, बहला, जबरीन, नखल. भाषण कुठल्याही किल्ल्याचं असो, शेवट एकच: आपल्याकडचे गड कसे खरे आणि हे कसे नुसते लिंपून ठेवलेले. लोक टाळ्या वाजवायचे आणि डबे उघडायचे. पानं कोणी ऐकत नव्हतं हे त्याला माहीत नव्हतं आणि मी सांगितलं नाही. त्याला एवढं एक काम होतं ज्यात लोक त्याच्याकडे बघत.

मग एका हिवाळ्यात सोहारचे इंजिनिअर आले.

ते सोहारच्या औद्योगिक वसाहतीत एका कारखान्यात होते. चाळिशीचे. बायको, दोन लहान मुलं. पहाटे निघून दोन-अडीच तास गाडी चालवत मस्कतला यायचे आणि आमच्या बसमध्ये बसायचे. पहिल्याच दिवशी आमच्यातले सगळ्यात वडीलधारे, ज्यांना सगळे बँकवाले काका म्हणतात, त्यांच्या शेजारी बसले आणि चौकशी सुरू झाली. मी मागच्या सीटवर इडल्या मोजत होते, सगळं ऐकू येत होतं.

"मूळचे कुठले?"

"नागपूरकडचे."

"नागपूरकडचे म्हणजे?"

"कामठीजवळ. लहान गाव आहे."

"अच्छा अच्छा. आणि गावात घर कुठल्या बाजूला?"

इंजिनिअर मोठ्यानं हसले. "काका, सरळ विचारा ना. आम्ही बौद्ध आहोत."

"छे छे, मी आपलं सहज."

"मीपण सहजच सांगतोय."

काका उरलेला रस्ताभर खिडकीतून बाहेर बघत होते. बाहेर बघण्यासारखं काही नसतं. डोंगर आणि विजेचे खांब. उतरताना माझ्या कानाशी येऊन म्हणाले, "चांगले शिकलेत हो हे लोक. अरबीसुद्धा येतं म्हणे."

इंजिनिअरांच्या डब्यातलं कोणी खायचं नाही असं मात्र नव्हतं. आम्ही सुशिक्षित माणसं आहोत. त्यांच्या बायकोनं सांबारवड्या आणल्या होत्या, कोथिंबीर गच्च भरलेल्या, त्या सगळ्यांनी घेतल्या. फक्त पोहे, इडल्या, ठेपले असं सगळं आधी फिरायचं आणि तो डबा शेवटी. शेवटी पोटं भरलेली असतात. अर्धी वडी घेतली आणि "वा, मस्त" म्हटलं की झालं. हा क्रम मी लावला होता. मला कोणी तसं सांगितलं नव्हतं. ती तीन वेळा भरलेला डबा परत घेऊन गेली आणि चौथ्या वेळी बाजारातली बिस्किटं घेऊन आली.

इंजिनिअरांना किल्ल्यांचं वेड होतं, आणि ते पानांवरचं नव्हतं. नखलला माझा नवरा दरवाज्यासमोर वाचत होता तेव्हा ते भिंतीवर बोटाची टिचकी मारून बघत होते. मग खिशातून स्टीलचा टेप काढला आणि भिंतीची जाडी मोजली. मुलं त्यांच्याभोवती जमली. "हे सिमेंट नाही. याला सारूज म्हणतात. माती भाजायची, कुटायची आणि चुन्यात कालवायची. पाणी आत जात नाही." मुलांमागून बायका गेल्या, बायकांमागून पुरुष. माझा नवरा तिसऱ्या पानावर होता आणि समोर बँकवाले काका एकटे उभे होते, तेही पाठ दुखते म्हणून.

खजुराच्या कोठीत तर त्यांनी सगळ्यांना जिंकलंच. ओमानच्या जुन्या किल्ल्यांत एक अंधारी खोली असते, जमिनीवर उंच-सखल पन्हळी. "इथे खजुराच्या गोण्या एकावर एक रचायच्या. वरच्या वजनानं खालच्या दबायच्या. पाक गळायचा, या पन्हळीतून वाहत त्या मडक्यात." मग त्यांनी आम्हाला दरवाज्याखाली नेलं आणि वर बघायला सांगितलं. छताला लांबट फट होती. "शत्रू दारात आला की पाक उकळून इथून ओतायचे."

"पाकच का? पाणी नाही का चालणार?" कोणीतरी विचारलं.

"पाणी ओघळून जातं. पाक चिकटतो. झटकायला हात लावला की हातालाही चिकटतो. मग कातडी त्याच्याबरोबरच येते."

सगळ्यांनी शहारून "ई" म्हटलं आणि पुन्हा एकदा वर बघितलं. बसमध्ये परत येताना तोच विषय. बँकवाले काका माझ्या नवऱ्याच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले, "तुम्ही आता रिटायर व्हा साहेब. खरे किल्लेदार आले."

सगळे हसले. माझा नवराही हसला. घरी येऊन त्यानं छापलेली पानं फाडली नाहीत की काही नाही, नीट घडी करून खणात ठेवली. त्यानंतर दोन महिने तो तोंड पाडून बसत होता. जेवताना, टीव्हीसमोर, मुलीचा अभ्यास घेताना. अशा माणसाबरोबर घर चालवणं फार कटकटीचं असतं. म्हणून जानेवारीत तो जेव्हा म्हणाला, "या वेळी लोकांच्या लक्षात राहील असं काहीतरी करायचं," तेव्हा मी ऐकून घेतलं.

त्याला बुरुजावर भगवा लावायचा होता.

"इथल्या बुरुजावर?"

"पाच मिनिटं. व्हिडिओ काढायचा, दोन घोषणा द्यायच्या, उतरायचं."

"आणि कोणी बघितलं तर?"

"अगं, तो छोटा किल्ला आहे, इब्रीच्या वाटेवरचा. कोण असतं तिथे? चाव्यांचा जुडगा घेऊन बसलेला एक म्हातारा."

नियम आम्हाला माहीत नव्हते असं नाही. परक्या देशात इतकी वर्षं काढलेल्या माणसाला झोपेतही माहीत असतं की रस्त्यावर काय करायचं आणि दार लावून काय करायचं. परदेशी झेंडा, धर्माची खूण, मोठा आवाज, सरकारी वास्तू. यातलं एकेकही पुरेसं होतं आणि आम्ही चारही एकत्र करणार होतो. तरी मी रुवीच्या बाजारात जाऊन केशरी सॅटिन आणलं आणि मशीनवर शिवलं. कडांना दुहेरी टीप घातली, कारण सॅटिन वाऱ्यात उसवतं. मॉपचा दांडा काढून दिला आणि तो परत आणायचा अशी ताकीद दिली. दोन महिन्यांनी घरात शिट्टी वाजवत कोणीतरी फिरत होतं. मला तेवढंच हवं होतं.

तो शनिवार वाऱ्याचा होता. किल्ला खरोखरच लहान, खजुराच्या बागेच्या कडेला, एक चौकोनी अंगण आणि एक गोल बुरूज. राखणदार म्हातारा दाराशी खुर्ची टाकून बसला होता. त्यानं आम्हाला हात करून आत सोडलं आणि पुन्हा डोळे मिटले. इंजिनिअर टेप घेऊन खाली कोठीत गेले. बाकीचे आम्ही वर.

बुरुजावर नवऱ्यानं पिशवीतून झेंडा काढला, दांड्याला लावला आणि कठड्यावर चढून उभा राहिला. मला म्हणायलाच हवं की दृश्य चांगलं होतं. वारा भरपूर होता, कापड फडफडत होतं. बँकवाले काका मोबाईल धरून "जरा डावीकडे, हां, आता बोला" करत होते. इंजिनिअरांची बायको माझ्या शेजारी उभी होती. तिची ओढणी वाऱ्यानं सारखी माझ्या तोंडावर येत होती म्हणून मी तिचं टोक हातात धरून ठेवलं होतं. तिनं झेंड्याकडे बघितलं, मग माझ्याकडे. घोषणा सुरू झाल्या तेव्हा तिनं मुलांचे हात धरले आणि दोन पावलं मागे सरकली.

तिसऱ्या घोषणेला म्हातारा वर आला. त्या वयात इतक्या पायऱ्या तो इतक्या लवकर चढला यावरूनच मला कळलं की आता हे वाढणार. तो ओरडत होता. अरबीतून, मधून मधून हिंदी. "ये क्या है? नीचे! खलास! यल्ला, नीचे!" बँकवाल्या काकांनी मोबाईल खिशात टाकला आणि ते ताबडतोब पर्यटक झाले, कठड्यावरून बागेकडे बघू लागले. माझा नवरा झेंडा हातात घेऊन कठड्यावरून उतरला.

आवाज ऐकून इंजिनिअर खालून धावत आले. टेप हातातच होता. त्यांनी आधी म्हाताऱ्याला सलाम केला, स्वतःच्या छातीवर हात ठेवला, अर्बाब म्हणजे मालक म्हणाले, बाबा म्हणाले, भराभर अरबीत बोलू लागले. म्हातारा शांत व्हायला लागला. मला वाटलं, सुटलो. तेवढ्यात माझा नवरा मागून पुढे झाला आणि इंजिनिअरांना म्हणाला, "जरा धरा हो हे, मी पिशवी काढतो."

आणि त्यांनी धरला. मराठी माणसाला कोणी "जरा धरा हो" म्हटलं की त्याचा हात आपोआप पुढे होतो. बोलणं चालूच होतं, डोळे म्हाताऱ्यावर, आणि हातात भगवा. म्हाताऱ्यानं खिशातून मोबाईल काढला आणि फोटो घेतला. मग हात पुढे केला: कार्ड. रहिवासी कार्ड इंजिनिअरांच्या पाकिटात होतं. ते बोलत होते, म्हणून त्यांनीच दिलं. म्हाताऱ्यानं त्याचाही फोटो घेतला. माझ्या नवऱ्याचं कार्ड बसमध्ये होतं. त्याला कोणी विचारलंही नाही.

बस सुरू व्हायच्या आधी मी उभी राहिले. इंजिनिअरांचं कुटुंब अजून म्हाताऱ्याशी बोलत दाराशीच होतं. "सगळ्यांनी मोबाईल काढा," मी म्हणाले. "व्हिडिओ पुसा. आत्ता. ग्रुपवर टाकला असेल तर तिथूनही." सगळ्यांनी पुसले. काकांना पुसता येत नव्हतं, मी त्यांच्या हातून घेऊन पुसला. त्यात माझा नवरा कठड्यावर उभा होता, आवाजासकट.

पुढच्या दहा दिवसांत जे घडलं ते आम्हाला तुकड्यांनी कळलं. म्हाताऱ्यानं फोटो वर पाठवला. वरून तिथल्या पोलिसांकडे गेला. पोलिसांनी इंजिनिअरांना बोलावलं, कंपनीला कळवलं आणि कंपनीनं त्यांना सांगितलं की हे मिटेपर्यंत कामावर येऊ नका. त्यांनी ग्रुपवर फक्त एवढंच लिहिलं: "कृपया कोणीतरी फोन करा." मी त्यांना ग्रुपमधून काढून टाकलं. ग्रुपवरचं बोलणं कोणाच्या हाती पडेल सांगता येत नव्हतं. बँकवाल्या काकांनी मला फोन केला आणि म्हणाले, "बरं केलंत. आणि काळजी नको. अरबी येतं ना त्याला, निभावेल तो."

मग एका गुरुवारी सकाळी इंजिनिअरांची बायको आमच्या दारात उभी राहिली.

मी नुकतीच अल मवालेहच्या मंडईतून आले होते. हॉलमध्ये वर्तमानपत्रावर मेथी पसरली होती. नवरा ऑफिसात होता. तिनं चपला बाहेर काढल्या, सोफ्याच्या टोकावर बसली. चेहरा धुतलेला, केस नीट. रडायला आलेली नव्हती.

"एकट्याच आलात?" मी विचारलं.

"हे खाली गाडीत आहेत. म्हणाले तू जा, मी आलो की त्यांना अवघड होईल."

मी मेथी निवडायला घेतली.

"ताई, शनिवारी त्यांना परत बोलावलंय. या वेळी सरांनापण बोलावणारेत. यांनी सांगितलं तिथे, झेंडा कोणाचा ते."

"फोन आला होता काल."

"मग सरांनी एवढंच म्हणायचं, हो, माझा. तिथला अधिकारी चांगला आहे. म्हणाला, ज्याचा असेल त्यानं माफी मागावी, परत करणार नाही असं लिहून द्यावं, खलास."

"पक्कं म्हणाला, की इन्शाल्ला म्हणाला?"

"इन्शाल्ला म्हणाला."

"मग?"

"ताई, इथे चहा मागवला तरी इन्शाल्ला म्हणतात."

"चहा न मिळाल्यानं व्हिसा जात नाही."

ती मग म्हणाली, "आणि सर नाही म्हणाले तर हे खोटे ठरतात. वरून खोटं बोलले म्हणून. कंपनी ठेवायची नाही."

"फोटोत झेंडा यांच्याच हातात आहे."

"तो हातात कोणी दिला?"

"मी बुरुजाच्या त्या बाजूला नव्हते."

"तुम्ही माझ्या शेजारी होता. माझी ओढणी धरली होती तुम्ही."

देठं एका बाजूला, पानं एका बाजूला. तिचा आवाज वाढला नाही, पण शब्द सुटे सुटे पडायला लागले.

"भगवा आम्ही कशाला शिवू, ताई? आमचा कुठला ते तुम्हाला माहीत आहे. त्या बसमधल्या प्रत्येकाला माहीत आहे. निळा असता तर मी स्वतः पुढे होऊन म्हणाले असते, हो, आमचा आहे, काय करायचं ते करा."

"हे त्या अधिकाऱ्याला सांगा की मग."

"कसं सांगू? त्याला निळा काय नि भगवा काय. सगळे हिंदी. त्याला समजावायचं तर गावापासून सुरुवात करावी लागेल. घर कुठल्या बाजूला, विहीर कुठली, सगळं. आणि हे सगळं सोडून इथे आलो म्हणून सांगायचं, आणि इथे काय झालं तेही सांगायचं. यांनी प्रयत्न केला. अधिकारी म्हणाला, तुम्ही सगळे एकाच बसमधून आलात ना?"

बरोबर विचारलं होतं त्यानं. मीही तेच विचारलं असतं.

"आमची मुलगी बारावीत आहे," मी म्हणाले. "पुढच्या महिन्यात बोर्डाची परीक्षा."

"मला माहीत आहे."

"मग तुम्हीच सांगा."

ती उठली. मी विचारलं, "मेथी नेता का थोडी? जास्तीची आहे."

"नको," ती म्हणाली आणि चपला घातल्या. बाल्कनीतून मी बघितलं. ती गाडीत बसली, पण गाडी बराच वेळ हलली नाही. मी आत येऊन मेथी धुतली.

नवऱ्याला मी संध्याकाळी सगळं सांगितलं, शब्दन् शब्द. लपवण्यासारखं काही नव्हतं. तो लगेच म्हणाला, "मी सांगून टाकतो. माफी मागतो, सही करतो. माझाच आहे तो."

"तुझं कॉन्ट्रॅक्ट जूनमध्ये संपतंय. पोलिसातली सही असलेल्या माणसाचं ते वाढवतील?"

"वाढवतीलही."

"तुझा व्हिसा गेला की माझा गेला, मुलीचा गेला. परीक्षा कुठे देणार ती? बॅगांवर बसून?"

"आणि त्यांची मुलं?"

"त्यांची लहान आहेत. लहान मुलांना कुठल्याही शाळेत घालता येतं."

तो मग म्हणाला, "तू शिवलास तो."

"म्हणूनच सांगतेय. तू हो म्हणालास तर पुढचा प्रश्न, कोणी शिवला. मग बस कोणी ठरवली. मग व्हिडिओ कोणी काढला आणि कोणी पुसायला सांगितला. सात घरं जातील. नाही म्हणालास तर एक."

"हे एकाचं गणित..."

"मग दुसरं गणित तू सांग."

त्या रात्री तो जेवला नाही. पण शनिवारी सकाळी तो गाडीत माझ्या शेजारी बसला, आणि मी मुद्दाम स्वतः चालवायला घेतली. त्याला एकट्याला पाठवलं असतं तर तो दारातच हो म्हणाला असता.

पोलीस ठाणं लहान होतं, स्वच्छ, खिडकीबाहेर दोन खजुराची झाडं. अधिकारी तरुण, अतिशय सभ्य. त्यानं आम्हाला बसवलं, प्रवास कसा झाला विचारलं. इंजिनिअर आधीच आले होते. इस्त्री केलेला शर्ट, दाढी केलेली, मांडीवर कागदांची फाईल. त्यांनी आम्हाला नमस्कार केला. आम्हीही केला.

मग एक अडचण निघाली. अधिकाऱ्याचं इंग्रजी जुजबी होतं. कामापुरतं तो बोलायचा, पण जबाब घ्यायला त्याला ते पुरेसं वाटत नव्हतं. दुभाष्या म्हणून येणारा माणूस रजेवर होता. अधिकाऱ्यानं थोडा विचार केला आणि इंजिनिअरांना काहीतरी म्हणाला. इंजिनिअर मग आमच्याकडे वळून मराठीत म्हणाले, "ते म्हणतायत, मीच सांगू. मी चुकीचं सांगितलं तर त्यांना थोडं इंग्रजी कळतं, ते पडताळून बघतील."

अधिकाऱ्यानं फोटो टेबलावर ठेवला आणि विचारलं. इंजिनिअरांनी आमच्यासाठी मराठीत केलं, माझ्या नवऱ्याकडे न बघता, फोटोकडे बघत. "ते विचारतायत, हा झेंडा तुमचा आहे का?"

नवरा माझ्याकडे बघायला लागला. मी त्याच्याकडे बघितलं नाही. बघितलं असतं तर दिसलं असतं. तो म्हणाला, "नाही." आवाज इतका बारीक होता की इंजिनिअरांनी विचारलं, "काय?"

"नाही. माझा नाही."

इंजिनिअरांनी अधिकाऱ्याकडे वळून सांगितलं. इतक्या वर्षांत मला एवढं अरबी कळायला लागलं आहे की त्यांनी काय सांगितलं ते मी ओळखलं. त्यांनी अगदी तेच सांगितलं. एक शब्द कमी नाही, एक जास्त नाही. ला. मूब माली. नाही, माझा नाही.

अधिकाऱ्यानं लिहिलं. मग माझ्याकडे बोट केलं.

"ते विचारतायत, वहिनी, तुम्ही बुरुजावर होतात का? झेंडा कोणाच्या हातात बघितलात?"

"होते," मी म्हणाले. "झेंडा यांच्याच हातात होता. फोटोत दिसतंय तसा."

त्यांनी पहिल्यांदाच मान वर केली. रागावले असतील असं मला वाटलं होतं, पण तसं काही नव्हतं. भिंत मोजताना आकडा दोनदा बघतात ना, तसं त्यांनी बघितलं.

"हेच सांगू, वहिनी?"

"हेच सांगा."

त्यांनी तेच सांगितलं. अधिकाऱ्यानं त्यांच्याकडे जरा आश्चर्यानं बघितलं, मग खाली वाकून लिहिलं. लिहून झाल्यावर ते अरबीत वाचून दाखवलं, इंजिनिअरांनी ते आम्हाला मराठीत सांगितलं, आणि आम्ही दोघांनी सह्या केल्या. शेवटी त्यांना पेन दिलं. दुभाष्या म्हणूनही सही लागते. त्यांनी फाईल बाजूला ठेवली आणि सही केली.

मार्चमध्ये त्यांची नोकरी गेली आणि ते सगळे परत गेले हे मला नंतर बँकवाल्या काकांकडून कळलं. माझ्या नवऱ्याचं कॉन्ट्रॅक्ट दोन वर्षांसाठी वाढलं. मुलीला चांगले गुण मिळाले. तो निर्णय मला पुन्हा घ्यायला सांगितला तर मी तोच घेईन, आणि हे मी नवऱ्यालाही सांगितलं आहे. तो आता माझ्याशी फार बोलत नाही, पण घर चालतं.

त्या दिवशी मात्र सह्या झाल्यावर लगेच उठता आलं नाही. अधिकाऱ्यानं कोणाला तरी हाक मारली आणि कॉफी आली. उंच चोचीच्या भांड्यातून छोट्या छोट्या पेल्यांत, वेलची घातलेली, आणि थाळीत खजूर. "कॉफी घेऊन जा म्हणतात," इंजिनिअर म्हणाले. नवऱ्यानं पेला उचलला आणि तसाच धरून ठेवला. मी प्यायले. इंजिनिअरही प्यायले, तिथे नाही म्हणणं अपमान समजतात आणि ते त्यांना आमच्यापेक्षा जास्त चांगलं माहीत होतं. वातावरण जरा मोकळं करावं म्हणून असेल, अधिकाऱ्यानं हसून आणखी काहीतरी विचारलं.

"ते विचारतायत," इंजिनिअर म्हणाले, "आमचे किल्ले तुम्हाला आवडले का?"

"खूप," मी म्हणाले.

तेही त्यांनी सांगितलं.